पेपरवालं पिल्लू घेताना: केसीआय नोंदणी, मालकी बदल आणि पालिकेचा परवाना, कशानंतर काय

ठाणे-नवी मुंबईत जातिवंत पिल्लू घेणाऱ्यांचं गाडं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं. पिल्लू घरी येतं, पैसे जातात आणि पेपरची चौकशी चार-सहा महिन्यांनी सुरू होते. तोवर ब्रीडरनं नंबर बदललेला असतो, किंवा ‘तुमच्या पिल्लाचे पेपर प्रोसेसमध्ये आहेत’ हे एकच उत्तर मिळत राहतं.

केनेल क्लब ऑफ इंडियाची, म्हणजे केसीआयची नोंदणी ही साखळी आहे. आधी आई-बापाची नोंद, मग वेताची, मग त्या वेतातल्या पिल्लाची आणि शेवटी तुमच्या नावावर मालकी बदल. मागची कडी नसेल तर पुढची लागत नाही. पहिल्या तीन कड्या लावणं पूर्णपणे ब्रीडरच्या हातात असतं. विकत घेणाऱ्याच्या हातात फक्त शेवटची कडी आणि पैसे देण्याआधीची तपासणी.

## सुरू करण्याआधी: चार नोंदी, चार वेगळ्या गोष्टी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून आधी हे सुटं करून घ्या.

केसीआयचं प्रमाणपत्र कुत्र्याची वंशावळ आणि नोंदणीकृत मालक सांगतं. केसीआयचं कार्यालय चेन्नईला आहे आणि पालिकेशी त्याचा संबंध नाही.

मायक्रोचिप म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेला 15 अंकी क्रमांक. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, स्कॅनर जवळ नेला की आकडा दाखवते. ती जीपीएस नाही. कुत्रा हरवला तर चिप त्याचा ठावठिकाणा सांगत नाही, आणि तुमचं नाव-पत्ताही तिच्यात नसतो. क्रमांक कुठल्या तरी डेटाबेसमध्ये तुमच्या नावाशी जोडलेला असेल तरच तिचा उपयोग.

पालिकेचा परवाना तुमच्या पत्त्यावर कुत्रा पाळण्यासाठी असतो. तो देशी कुत्र्यालाही लागतो आणि चॅम्पियनच्या पिल्लालाही.

चौथी नोंद ब्रीडरची. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी 2017 चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार पैदास करून विकणाऱ्याची नोंदणी राज्य पशुकल्याण मंडळाकडे असावी लागते. केसीआयचं सभासदत्व त्याची जागा घेत नाही.

सावधान: ‘माझ्याकडे केसीआय आहे, पालिकेचं काही लागत नाही’ असं सांगणारा माणूस चूक सांगतोय. ‘पालिकेचा परवाना आहे, म्हणजे केसीआय झालंच’ असं उलटं सांगणाराही चूकच.

## टप्पा 1: जात नक्की करा, तिचा गट शोधा

केसीआय जातींची विभागणी एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीनं करतं. तिचं मुख्यालय बेल्जियममध्ये आहे. त्यात दहा गट आहेत आणि कुत्रा मुळात कुठल्या कामासाठी घडवला गेला, यावर ते बरेचसे ठरतात.

पहिल्या गटात मेंढ्या-गुरं राखणारे: जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉइस, बॉर्डर कॉली. दुसरा पिन्शर, श्नाउझर आणि मोठ्या हाडाच्या राखणदार कुत्र्यांचा. डॉबरमन, रॉटवायलर, बॉक्सर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड आणि इंग्लिश बुलडॉग त्यात येतात. तिसरा टेरियरचा. चौथ्यात एकटा डॅशहंड, तीन आकारांत आणि तीन प्रकारच्या केसांत. पाचवा स्पिट्झ आणि आदिम प्रकारच्या कुत्र्यांचा: हस्की, अकिता, चाऊ चाऊ, पॉमेरेनियन. सहाव्यात वासावर माग काढणारे आणि त्यांच्याशी संबंधित जाती: बीगल, बॅसेट आणि डाल्मेशियन. सातव्यात पॉइंटर आणि सेटर. आठव्यात लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल. नववा सोबतीच्या आणि छोट्या कुत्र्यांचा: पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो, पूडल, चिवावा, फ्रेंच बुलडॉग. दहाव्यात नजरेवर धावणारे ग्रेहाउंड, सलुकी, अफगाण हाउंड.

लोक चुकतात ते इंटरनेटवर अमेरिकेची यादी पाहून. तिथल्या केनेल क्लबचे गट सात आहेत आणि वाटणी निराळी आहे. त्या यादीत डॅशहंड हाउंड गटात दिसतो, मिनिएचर पिन्शर टॉय गटात. एफसीआयमध्ये डॅशहंडचा गट स्वतंत्र आणि मिनिएचर पिन्शर दुसऱ्या गटात. डॉग शोचा फॉर्म भरताना अमेरिकेच्या यादीतला गट लिहिला की एंट्री चुकते.

गटापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा, की तुम्हाला विकली जाणारी ‘जात’ यादीत आहे का? पिटबुल आणि अमेरिकन बुली एफसीआयच्या यादीत नाहीत. यादीत आहे तो अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, गट तिसरा. आपल्याकडे घरोघरी ‘पॉम’ म्हणून फिरणारं पांढरं कुत्रं बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. पॉमेरेनियनचे पेपर त्याला चालत नाहीत. लॅब्राडूडलसारखी दोन जातींची मिश्र पिल्लं जातिवंत म्हणून नोंदवली जात नाहीत, मग आई आणि बाप दोघं आपापल्या जागी कितीही अस्सल असोत. पांढरा जर्मन शेफर्ड हा त्या जातीच्या मानकात, म्हणजे जातीच्या ठरलेल्या वर्णनात, बसत नाही. व्हाइट स्विस शेफर्ड ही वेगळी जात आहे आणि तिचे पेपर त्याच नावानं असायला हवेत.

देशी जातींत कारवान हाउंड आणि राजापालयम यांची नोंद केसीआयकडे होते. गावाकडून आणलेला कारवानी कितीही देखणा असला, तरी आई-बापाच्या नोंदीशिवाय त्याला वंशावळीचा कागद मिळत नाही.

तपासणी: ब्रीडर जे नाव सांगतो तेच नाव आई-बापाच्या प्रमाणपत्रावर छापलेलं आहे का? ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘ट्रिपल कोट’, ‘शो क्वालिटी’ हे बाजारातले शब्द आहेत. प्रमाणपत्रावर त्यांच्यासाठी रकाना नसतो.

## टप्पा 2: फोनवरच कागद मागा

पिल्लू बघायला जायच्या आधी पाच गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. बघून आल्यावर मागायला सुचत नाही, कारण तोवर घरच्यांनी त्याचं नावही ठेवलेलं असतं.

1. आईच्या केसीआय प्रमाणपत्राचा फोटो, पूर्ण पान, चिप क्रमांक वाचता येईल असा.
2. बापाच्या प्रमाणपत्राचा फोटो. बाप दुसऱ्याचा असेल तर त्याच्या मालकाचं नाव.
3. मेटिंगची तारीख आणि पिल्लं झाल्याची तारीख.
4. वेताच्या नोंदणीचा अर्ज कुठवर आलाय: भरला, शुल्क भरलं, की प्रमाणपत्रं आली.
5. ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडची नोंदणी.

तारखा आल्या की लगेच गणित करा. कुत्री साधारण 63 दिवस गाभण राहते. मेटिंगपासून मोजलं तर 58 ते 68 दिवसांत पिल्लं होतात. 50 किंवा 80 दिवसांचं अंतर दिसलं, तर दोनपैकी एक तारीख खोटी, किंवा बाप दुसराच.

मग आईची जन्मतारीख पाहा. 2017 च्या नियमांनुसार 18 महिन्यांखालच्या मादीची पैदास करता येत नाही, आठ वर्षांपुढेही नाही. वर्षात एकाहून जास्त वेत नाही आणि आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत. एकाच मादीचं मागचं वेत सहा महिन्यांपूर्वीचं असेल, तर तिथून पिल्लू घेऊ नका. असा ब्रीडर कागदही धड करणार नाही, आणि त्या मादीचे हाल होतात ते वेगळेच.

बापाचं नाव आईच्या वंशावळीतही दिसलं तर नातं नीट विचारा. बाप-लेक किंवा भाऊ-बहीण अशी जोड असेल तर सरळ नको म्हणा.

सावधान: ‘पेपरसह इतके, पेपरशिवाय इतके’ असे दोन भाव सांगितले जातात. वेताची नोंद झाली असेल, तर त्यातल्या एका पिल्लाचे पेपर नसण्याचं कारण नाही. भाव दोन आहेत म्हणजे बहुधा नोंद झालेलीच नाही, आणि जादा पैशांत कुठल्या तरी दुसऱ्याच वेताचा कागद तुमच्या हातात ठेवला जाणार आहे.

देशात केसीआयखेरीज इतरही संस्था कुत्र्यांचे कागद देतात. त्यांचा मथळा, रंग, शिक्के दिसायला तसेच असतात. नाव पूर्ण वाचा. केसीआयच्या वेताच्या नोंदणीत दुसऱ्या संस्थेचा कागद आई-बापाच्या नोंदीच्या जागी चालत नाही.

## टप्पा 3: प्रत्यक्ष भेट

‘नाशिकहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतो, सकाळी माजिवड्याला उतरवून घ्या.’ असं सांगितलं तर नको म्हणा. कळंबोलीच्या पुलाखाली हातात दिलेल्या टोपलीतल्या पिल्लाची आई कोण, चिप कुठली, हे त्या जागी तपासता येत नाही. जाऊन बघा. दोन तास आणि पेट्रोल जाईल.

जाताना मायक्रोचिप स्कॅनरची सोय करा. ब्रीडरकडे असायला हवा. नसेल तर जवळच्या पशुवैद्याकडे पिल्लू आणि आई दोघांना न्यायची तयारी आहे का, ते आधीच विचारून ठेवा. चिप आयएसओ मानकाची, 134.2 किलोहर्ट्झची असावी. काही स्कॅनर तेवढेच वाचतात.

मग या क्रमानं:

आई. स्कॅन करा. आकडा तिच्या प्रमाणपत्रावरच्या आकड्याशी एकेक अंक वाचून जुळवा. सुरुवातीचे अंक बघून समाधान मानू नका, एकाच खोक्यातल्या चिपांचे आकडे लागोपाठचे असतात. आईच्या सडांकडेही बघा. आठ आठवड्यांपूर्वी व्यालेल्या कुत्रीचे सड ओघळलेले दिसतात. घट्ट, कोवळे असतील तर ती या पिल्लांची आई नाही.

पिल्लू. चिप दोन खांद्यांच्या मधे बसवतात. स्कॅनर तिथून सुरू करून मानेपासून खांदा, छाती आणि कोपरापर्यंत हळू फिरवा. कधीकधी चिप सरकते, म्हणून एका फेरीत आवाज आला नाही तर दुसरी फेरी करा. चिपच नसेल तर पेपरची भाषा तिथेच थांबवा. 2017 चे नियमही चिपशिवाय विक्री करू देत नाहीत.

वय. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. बाजारात 30-35 दिवसांची पिल्लं ‘दीड-दोन महिन्यांची’ म्हणून फिरतात, कारण तेव्हा ती गोंडस दिसतात आणि लगेच खपतात. तोंड उघडून दात बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला 28 दुधाचे दात आलेले असतात, दाढांसकट. पुढचे बारीक दात आणि सुळेच दिसत असतील, मागे नुसत्या हिरड्या असतील, तर पिल्लू लहान आहे. जबडा कितीही मोठा असू दे.

रंग. लॅबच्या बाबतीत ही तपासणी कागदापेक्षा बोलकी आहे. आई आणि बाप दोघं पिवळे असतील तर सगळी पिल्लं पिवळीच होतात. काळं किंवा चॉकलेटी पिल्लू त्यांना होऊच शकत नाही. दोघं चॉकलेटी असतील तर काळं पिल्लू होत नाही. प्रमाणपत्रावर आई-बाप पिवळे आणि हातात काळं पिल्लू असेल, तर बाप कागदावरचा नाही. लॅबच्या मानकात काळा, पिवळा आणि चॉकलेटी एवढेच रंग आहेत. ‘सिल्व्हर’ म्हणून जादा पैसे मागितले तर ते कशाचे, हे तुम्हीच ठरवा.

लसीची पुस्तिका. कुपीवरचा स्टिकर चिकटवलेला आहे का, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकासह शिक्का आहे का, ते पाहा. चिप बसवली त्या दिवशीची नोंदही इथेच असावी. लसीची तारीख सांगितलेल्या जन्मतारखेपासून मोजा. पहिला डोस तिसऱ्याच आठवड्यात दिलेला दिसला, तर जन्मतारीख पुढे ओढलेली आहे.

सावधान: डॉबरमनचं शेपूट किंवा ग्रेट डेनचे कान कापून मिळतील, असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. दिसण्यासाठी अंग कापणं ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरता ठरते. कापल्यानं पेपरचा दर्जा वाढतो ही समजूत खोटी आहे.

आणि एक गोष्ट कागदावर शोधू नका: तब्येत. केसीआयचं प्रमाणपत्र कुत्रा निरोगी असल्याचं सांगत नाही. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. त्यासाठी आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे वेगळे मागावे लागतात. इथे बहुतेक ब्रीडर ते काढतच नाहीत. जो दाखवतो त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

## टप्पा 4: पैसे देताना काय हातात घ्यायचं

आठव्या-नवव्या आठवड्यात पिल्लू हातात येतं तेव्हा छापील प्रमाणपत्र आलेलं असेलच असं नाही. अर्ज, छाननी, छपाई यात वेळ जातो. त्यामुळे ‘पेपर नंतर येतील’ हे वाक्य दर वेळी खोटं नसतं. ते खरं आहे हे कागदानं कळायला हवं. म्हणून पिल्लू उचलताना एवढं घ्या:

1. वेताच्या नोंदणी अर्जाची प्रत, ज्यात तुमच्या पिल्लाचा चिप क्रमांक, लिंग आणि रंग आहे.
2. शुल्क भरल्याची पावती.
3. आई-बापाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती.
4. मालकी बदलाचा फॉर्म, नोंदणीकृत मालकाची सही झालेला.
5. चिपसोबत येणारे बारकोडचे स्टिकर. एक लसीच्या पुस्तिकेत लावा, उरलेले जपून ठेवा.
6. विक्रीची पावती: रक्कम, तारीख, जात, चिप क्रमांक, आणि प्रमाणपत्र किती दिवसांत देणार ते लिहून.

चौथा कागद लोक हमखास विसरतात. मालकी बदलाच्या फॉर्मवर सही लागते ती केसीआयच्या नोंदीत मालक म्हणून असलेल्या माणसाची. ज्याच्याकडून पिल्लू घेतलं तो एजंट असेल तर त्याच्या सहीचा उपयोग नाही. नोंदीत दोघं सहमालक असतील तर दोघांच्या सह्या हव्यात. आणि ही सही प्रमाणपत्रावरच्या किंवा अर्जावरच्या सहीसारखी असावी. मुलानं बापाच्या नावानं ठोकलेली सही पुढे अडते.

पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. चौथा हिस्सा प्रमाणपत्र हातात येईपर्यंत राखून ठेवा, आणि ते पावतीवर लिहा. याला तयार नसलेला ब्रीडर बेइमानच असतो असं नाही, पण मग पैसे रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयनं द्या आणि शेऱ्यात चिप क्रमांक टाका.

नावाचंही इथेच उरका. प्रमाणपत्रावरचं नाव बहुतेक वेळा ब्रीडरच्या केनेलचं नाव जोडून लांबलचक असतं. घरात तुम्ही ‘बंड्या’ म्हणा, कागदावर तेच राहणार. विशिष्ट नाव हवं असेल तर वेताचा अर्ज जायच्या आधी सांगा. नोंद झाल्यावर नाव बदलता येणार नाही असं धरून चाला.

तपासणी: निघण्याआधी तीन आकडे शेजारी ठेवून वाचा: स्कॅनरवरचा, अर्जावरचा, पुस्तिकेतला. तिन्ही सारखे हवेत.

## टप्पा 5: मालकी तुमच्या नावावर करणं

प्रमाणपत्र आलं की बरेच जण ते फाइलमध्ये घालून विसरतात. त्यावर मालक म्हणून ब्रीडरचंच नाव असतं. केसीआयच्या लेखी कुत्रा अजून त्याचाच. उद्या शोला न्यायचं म्हटलं, पिल्लांची नोंद करायची म्हटली, की हे लक्षात येतं, आणि तेव्हा ब्रीडर दुबईला गेलेला असतो.

1. प्रमाणपत्र वाचा. जात, लिंग, रंग, जन्मतारीख, चिप क्रमांक, आई-बापाची नावं. एकही अंक चुकला असेल तर मालकी बदलाचा अर्ज थांबवा.
2. चूक असेल तर दुरुस्ती ब्रीडरकडून करून घ्या. मूळ अर्ज त्याचा आहे. चुकीच्या कागदावर मालकी बदलली की तीच चूक तुमच्या नावावर चढते.
3. सही घेतलेल्या फॉर्ममध्ये तुमचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. पत्त्यात इमारत, सेक्टर, पिनकोड पूर्ण द्या. ‘हिरानंदानीजवळ, घोडबंदर रोड’ एवढ्यावर टपाल परत जातं.
4. शुल्क केसीआयच्या संकेतस्थळावर त्या दिवशी जे असेल ते भरा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या फॉर्मवरचे दर धरू नका.
5. मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागलं, तर आधी दोन्ही बाजूंचं स्कॅन करून ठेवा आणि पोच मिळेल अशा टपालानं पाठवा.
6. नवं प्रमाणपत्र आलं की पुन्हा चिप क्रमांक जुळवा.

शंका असेल तर नोंदणी क्रमांक आणि चिप क्रमांक देऊन केसीआयच्या कार्यालयाला ईमेलनं विचारा. ब्रीडरनं दिलेल्या लिंकवर किंवा ‘ऑफिसच्या माणसाच्या’ मोबाइलवर विचारू नका.

## टप्पा 6: पालिकेचा परवाना, पण कुठल्या पालिकेचा?

परवान्याला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि ती लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणून हा टप्पा मागाहून. लस टोचली त्याच आठवड्यात अर्ज करा. रेबीजचं प्रमाणपत्र, कुत्र्याचा फोटो, तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. चिप क्रमांकाचा रकाना असेल तर भराच.

चूक होते ती हद्दीत. खारघर, कामोठे, कळंबोली इथले लोक पत्त्यात नवी मुंबई लिहितात आणि नवी मुंबई महानगरपालिकेकडे अर्ज करतात. हे भाग पनवेल महानगरपालिकेत आहेत. ऐरोली, घणसोली, दिघा ठाणे तालुक्यात असले तरी पालिका नवी मुंबईची. कळवा, मुंब्रा, दिवा ठाणे महानगरपालिकेत. चेकनाक्यापलीकडे मुलुंडला राहत असाल तर मुंबई महानगरपालिका. मालमत्ता कराच्या बिलावर जिचं नाव, तिच्याकडेच अर्ज.

परवान्याची मुदत संपते आणि नूतनीकरण करावं लागतं. रेबीजच्या बूस्टरची आणि परवान्याची आठवण मोबाइलमध्ये एकत्रच लावा, कारण बूस्टर नसेल तर नूतनीकरण होत नाही.

सोसायटीनं परवान्याची प्रत मागितली तर द्या. केसीआयची मागितली तर द्यायची गरज नाही, वंशावळीशी कमिटीचं देणंघेणं नसतं.

## टप्पा 7: घरच्या मादीचं वेत नोंदवायचं असेल तर

हे थोडक्यात, कारण आधीचं सगळं तुम्ही नीट केलं असेल तर निम्मं काम झालेलं आहे.

मादी तुमच्या नावावर आहे ना, हे मेटिंगच्या आधी बघा. पिल्लं झाल्यावर मालकी बदलायला घेतली की वेताच्या अर्जाची मुदत हातातून जाते आणि जादा शुल्क किंवा नकार पदरी पडतो. मेटिंगआधी किमान दहा दिवस पशुवैद्याकडून ती पैदाशीला योग्य असल्याचं प्रमाणपत्र घ्या. नराची चिप तुमच्यासमोर स्कॅन करा. नराच्या मालकाची मेटिंगच्या कागदावरची सही त्याच दिवशी घ्या. तो पैशांऐवजी ‘पिक ऑफ द लिटर’ म्हणजे निवडीचं पिल्लू मागत असेल तर तेही लिहा. वाद झाला की सही अडते आणि मग अख्खं वेत बिनपेपरचं राहतं.

पिल्लं झाली की तारीख, संख्या, नर-मादी आणि रंग त्याच दिवशी टिपा. मेलेल्या पिल्लांचीही नोंद ठेवा. चिप बसवण्याआधी प्रत्येक चिप पाकिटातच स्कॅन करून चालते का बघा, बसवल्यावर परत स्कॅन करा. एकसारख्या काळ्या पिल्लांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगाच्या लोकरी बांधा आणि चिपच्या यादीत तो रंग लिहा. नाहीतर अर्जात मादीच्या नावापुढे नराचा क्रमांक जातो, आणि दुरुस्तीत महिने निघतात.

पिल्लं विकणार असाल तर राज्य मंडळाकडची नोंदणी तुम्हालाही लागू आहे. ‘एकदाच तर करतोय’ ही सबब नियमात नाही.

## पेपर नसलेलं कुत्रं घरात आलंच असेल तर

कोणी कागद मागाहून मिळवून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. तो दुसऱ्या कुत्र्याचा कागद असणार, आणि चिप स्कॅन केली की उघडा पडणार.

पेपर हरवले असतील तर गोष्ट वेगळी. चिप स्कॅन करा, क्रमांक केसीआयला कळवा, नोंद सापडली तर दुय्यम प्रत आणि मालकी बदल दोन्ही मार्ग खुले होतात. चिपच नसेल आणि आई-बाप माहीत नसतील, तर अज्ञात वंशावळ म्हणून नोंद करण्याची सोय केसीआयनं ठेवलेली आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त जज कुत्रा तपासून तो त्या जातीच्या मानकात बसतो का ते सांगतात. सध्याच्या अटी आणि पुढची तपासणी कुठल्या शोला आहे ते कार्यालयाकडून विचारून घ्या. त्या प्रमाणपत्रावर आई-बापाच्या जागा मोकळ्या असतात.

घरात नुसतं पाळायचं असेल तर केसीआयचं यातलं काहीच लागत नाही. चिप बसवा, तिचा क्रमांक आपल्या फोन नंबरसह डेटाबेसमध्ये टाका, रेबीजची लस आणि पालिकेचा परवाना करा. घर किंवा नंबर बदलला की डेटाबेसमधली नोंदही त्याच आठवड्यात बदला.